मार खाणारी बाई चर्चच्या दारात आली तर मंडळीने काय करावे

२५ नोव्हेंबरला, म्हणजे महिलांवरील हिंसाचारविरोधी दिनाला, मेणबत्त्या लावून घरातली मारहाण थांबत नाही. विदर्भातल्या खेड्यात वीस-तीस घरांची मंडळी, म्हणजे एका चर्चचे सभासद, असते. मारणारा, मार खाणारी आणि दोघांचे नातलग असलेले वडील (मंडळीचे कारभारी) एकाच प्रभुभोजनाला बसतात. म्हणून पहिली बाई येण्याआधीच तयारी हवी.

दोन बायका नेमा. पाळकांच्या किंवा वडिलांच्या घरातल्या नकोत. मंडळीत आशा किंवा अंगणवाडी सेविका असेल तर तिला आधी विचारा. तालुक्याचे संरक्षण अधिकारी कुठे बसतात आणि पीडित बायकांसाठीचे जिल्ह्याचे सरकारी सखी वन स्टॉप सेंटर कुठे आहे, हे त्या दोघींनी एकदा जाऊन पाहून यावे. पोलिसांसाठी ११२, महिला मदतीसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि मोफत वकिलासाठी १५१०० हे क्रमांक बायका बसतात त्या बाजूच्या भिंतीवर लावा. पुढच्या फळ्यावर लावले तर सगळ्यांच्या देखत कोणीच वाचत नाही.

ती आली की एकटीला ऐका. "तू काय बोललीस म्हणून त्याने मारलं?" हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये. एवढेच विचारा: गळा आवळला का, जिवे मारीन म्हणाला का, मुलांवर हात टाकला का, फवारणीचे औषध घरात कुठे ठेवले आहे. गळा आवळला असेल तर वळ दिसो न दिसो, त्याच दिवशी दवाखाना. आतली सूज काही तासांनीही वाढते. ग्रामीण रुग्णालयात "पडले" असे न सांगता "नवऱ्याने मारलं" असे सांगून एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद करून घ्यायला सांगा. जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार तिच्या मनात शिरत नाही. औषधाची बाटली मात्र त्याच दिवशी घराबाहेर जायला हवी.

आता समेट. बहुतेक मंडळ्या इथेच चुकतात.

तीन-चार दिवसांत नवरा येतो, सोबत मोठा भाऊ किंवा मामा. तो रडतो, "दारूच्या नशेत झालं" म्हणतो. वडील दोघांना समोरासमोर बसवतात, तिच्या तोंडून क्षमा वदवून घेतात, प्रार्थना करतात आणि संध्याकाळच्या एसटीने तिला परत पाठवतात. त्या बैठकीत ती खरे बोलूच शकत नाही. जे बोलेल त्याचा हिशेब रात्री घरात होतो. आणि पुढच्या वेळी ती चर्चकडे येत नाही, कारण चर्चने काय केले हे तिने पाहिलेले असते.

समोरासमोर बैठक घेऊ नका, एकदाही नाही. तिने हो म्हटले तरच दोन वडिलांनी नवऱ्याला वेगळे भेटावे, आणि तिने सांगितलेला एक शब्दही तिथे काढू नये. "चर्चमध्ये चुगली केलीस" म्हणून पुढचा मार तिलाच बसतो. प्रकरण गावाच्या तंटामुक्ती समितीत नेणे म्हणजे हीच चूक मोठ्या मांडवात करणे.

क्षमा ही तिची आणि देवाची गोष्ट. घरी परतणे हा जिवाचा प्रश्न. पहिली केली म्हणून दुसरी करायलाच हवी, असे शास्त्र कुठेही सांगत नाही. त्याचा पश्चात्ताप अश्रूंवरून मोजू नका. कापसाचे चुकारे आले की घरखर्चाला पैसे देतो का, तिचा फोन तपासणे सोडले का, ती माहेरी असताना धमक्या थांबल्या का, हे निदान सहा महिने पाहा. दारूचे कारण तर मानूच नका. नशेतला माणूस पाटलाला मारत नाही, बायकोलाच मारतो.

उलट बाजूनेही ढकलू नका. घर सोडण्याचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो, म्हणून केव्हा निघायचे ते तीच ठरवेल. तोवर आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि प्रवासापुरते पैसे शेजारच्या विश्वासाच्या घरी ठेवायला मदत करा.

"तक्रार केली की संसार मोडतो" असे म्हणणाऱ्या वडिलांना २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा समजावून सांगा. घर तिच्या नावावर नसले तरी त्यात राहण्याचा हक्क कलम १७ देते. तिला घटस्फोट मागावा लागत नाही. संरक्षण अधिकारी घटना अहवाल तयार करतात, आणि दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी, असे कायदाच म्हणतो. वकील मोफत मिळतो, त्यासाठी बाईच्या उत्पन्नाची अट नाही.

प्रार्थनेच्या विनंतीतून गोष्ट फुटते. "एका बहिणीच्या घरच्या अडचणीसाठी" एवढे म्हटले तरी वीस घरांत ती बहीण कोण हे सगळ्यांना कळते. तिच्यासाठी जाहीर प्रार्थना नको. मदतनिधीच्या हिशेबात तिचे नाव नको.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर मंडळीच्या हातात कोणताही निर्णय उरत नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हाही गुन्हा आहे. आरोपी पाळक, वडील किंवा वसतिगृहाचा वॉर्डन असेल तर त्याच दिवशी त्याला कामावरून दूर करा. दुसऱ्या गावी बदली म्हणजे तिथल्या मुलांना त्याच्या हाती देणे.

उपदेशाचे थोडक्यात. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय २२ व्या वचनापासून ("पत्नींनो, पतीच्या अधीन असा") वाचायची सवय मोडा. २१ वे वचन दोघांनाही एकमेकांच्या अधीन व्हायला सांगते, आणि २५ व्यापासून पतींवर पत्नींपेक्षा जास्त ओळी खर्च झाल्या आहेत. चर्चमध्ये ठरलेल्या लग्नाची जाहीर सूचना वाचण्याआधी मुलाला एकट्याला आणि मुलीला एकटीला भेटा, मारहाणीबद्दल सरळ बोला.

शेवटचे काम फक्त चर्चच करू शकते. लग्न तुमच्या वेदीसमोर लागले असेल तर त्याची नोंद तुमच्या रजिस्टरमध्ये आहे. तिने मागितल्यावर सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी द्या, "दोघे मिळून या" म्हणून परत पाठवू नका. कोर्टात लग्न झाले हे दाखवायला तिच्याकडे बहुधा तोच एक कागद असतो.