ड्रायव्हरमधील थेट आकड्यांच्या जागी नावे कशी घालावीत

हिंजवडीत लिनक्सच्या एका जुन्या नेटवर्क ड्रायव्हरवर काम करताना फाय चिपच्या, म्हणजे नेटवर्क केबलवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या चिपच्या, ० क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये (सेटिंगच्या कप्प्यात) हेक्स १२००, म्हणजे सोळाच्या पायावरचा आकडा, लिहिणारी एक ओळ माझ्यासमोर आली. तिच्यावर पुणेरी पाटीच्या थाटात कॉमेंट होती, ‘येथे हात लावू नये’, आणि कारण अर्थातच दिलेले नव्हते.

अशा आकड्याचे प्रथम बिट पाडावेत. हेक्स १२०० मध्ये, उजवीकडून ० पासून मोजता, १२ वा आणि ९ वा असे दोनच बिट चालू असतात. ० क्रमांकाचे रजिस्टर आयट्रिपलई ८०२.३ या मानकाने ठरवून दिलेले असून त्यात १२ वा बिट ऑटो-निगोशिएशन चालू करतो आणि ९ वा ते नव्याने सुरू करतो. म्हणजे पलीकडच्या उपकरणाशी वेगाची बोलणी पुन्हा करा, एवढाच त्या ओळीचा अर्थ. या बिटांची नावे लिनक्स कर्नलच्या एमआयआय हेडरमध्ये (फायच्या रजिस्टरांची नावे असलेल्या फाइलमध्ये) आधीच आहेत, म्हणून स्वतःची नवी पाडू नयेत. मात्र सरसकट ‘फाइंड-रिप्लेस’ करू नये, कारण दुसऱ्या रजिस्टरमध्ये त्याच १२०० चा अर्थ निराळा असतो.

चिपच्या खास रजिस्टरांसाठी उत्पादकाची तांत्रिक माहितीपुस्तिका, म्हणजे डेटाशीट, उघडून त्यातलीच नावे हेडरमध्ये घ्यावीत. सुट्या बिटाला ‘बिट’, तर अनेक बिटांच्या फील्डला ‘जेनमास्क’ आणि ‘फील्ड-प्रेप’ हे कर्नलमधले तयार मॅक्रो वापरावेत. डेटाशीट ज्याला नुसते ‘राखीव’ म्हणते, त्या बिटाचा आकडा तसाच ठेवून शेजारी तसे नमूद करावे. तेथे अंदाजाने दिलेले नाव आकड्यापेक्षा अधिक फसवते.

यानंतरची तपासणी टाळू नये. बदलापूर्वीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कंपायलरने बनवलेली) ऑब्जडंप या साधनाने डिसअसेंबल करून, म्हणजे तिच्यातील यंत्रसूचना वाचता येतील अशा रूपात काढून, दोन्हींची तुलना करावी. डीबग माहितीतील ओळक्रमांक बदलू शकतात, पण यंत्रसूचना जुळल्याच पाहिजेत. न जुळल्यास आधी मूल्याचा टाइप (डेटाचा प्रकार) पाहावा, कारण ‘बिट’ मॅक्रो अनसाइन्ड लाँग मूल्य देतो आणि ६४ बिटांच्या यंत्रावर ते उलटवून ३२ बिटांत भरताना कंपायलर कुरकुरू शकतो.

मूळ आकडाच चुकीचा आढळला, तर दुरुस्ती वेगळ्या पॅचमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांच्या स्वतंत्र संचात, करावी. आमच्या एका सहकाऱ्याने नावे घालता घालता एक बिट ‘सुधारला’. लिंक तुटू लागल्यावर ‘केवळ नावे बदलली’ असे शीर्षक असलेल्या त्या पॅचवर संशय घ्यायला कोणी तयार होईना आणि गिट बायसेक्ट करण्यात, म्हणजे जुने बदल अर्धे-अर्धे तपासत दोषी बदल शोधण्यात, दोन दिवस गेले.

माझ्या १२०० च्या बाबतीत यंत्रसूचना तंतोतंत जुळल्या आणि त्याच पॅचमध्ये मी ती पाटीही उतरवली.