उजनी ‘मायनस’मध्ये गेली की डेटा बिघडतो का? सरकारी आकडेवारी खुली करताना या चुका टाळा

सीकॅन हे मुक्त सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसवलं की माहितीचं पोर्टल उभं राहतं. ब्रिटन सरकारचं राष्ट्रीय डेटा पोर्टल त्यावरच उभं आहे. सोलापूर जिल्ह्याची आकडेवारी अशी मांडायची ठरवली तर परवान्याचा खर्च शून्य. अडतं ते फाइल चढवताना.

‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ हे जिल्ह्याच्या आकडेवारीचं सरकारी पुस्तक पीडीएफमध्येच चढवून मोकळं होऊ नका. बार्शीच्या विद्यार्थ्याला एकेक आकडा पुन्हा टंकावा लागत असेल, तर ती माहिती खुली झालीच नाही. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल द्या. मात्र पहिल्या ओळीत स्तंभांची नावंच हवीत; वर जोडलेल्या सेलमधलं मोठं शीर्षक ठेवलं की तेच स्तंभाचं नाव होऊन बसतं. तळाची ‘एकूण’ ओळही काढा. नाहीतर ११ तालुक्यांच्या बेरजेत ती मिसळते आणि २०११च्या जनगणनेतली ४३,१७,७५६ ही लोकसंख्या दुप्पट दिसते.

सगळ्यात जास्त घोळ उजनीच्या आकड्यांत होतो. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यात तळाशी राहणारा मृतसाठा ६३.६६ आणि उपयुक्त साठा ५३.५७. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणून उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की ‘वजा २० टक्के’ अशी नोंद येते, तेव्हाही धरणात जवळपास ५३ टीएमसी पाणी असतं. हे ठाऊक नसलेला माणूस डेटा ‘साफ’ करताना ० ते १०० अशी मर्यादा लावतो आणि टंचाईच्या नेमक्या त्याच नोंदी उडवून टाकतो. दुष्काळी तालुक्यांच्या दृष्टीने याहून वाईट चूक मला दिसत नाही. टक्केवारीबरोबर टीएमसीचा आकडा, टक्का कशावर काढला आणि नोंद कोणत्या तारखेची, हे वर्णनात लिहाच.

अक्षरं चमत्कारिक दिसतात? दोन कारणं असतात. जुनी फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. फाइल युनिकोड असूनही एक्सेलमध्ये बिघडत असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात साठवा. लिब्रेऑफिसमध्ये उघडताना तोच अक्षरसंच (यूटीएफ-८) निवडा. आकडे इंग्रजी अंकांतच ठेवा, कारण सीकॅन ज्यात माहिती साठवतं तो पोस्टग्रेस हा डेटाबेस ‘४५२’ला संख्या मानत नाही.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा तालुका कोरा राहिला, तर बहुधा नाव जुळलेलं नसतं: एका फाइलीत सांगोला, दुसरीत सांगोले, मंगळवेढा आणि मंगळवेढे. शेजारच्या उस्मानाबादचं तर धाराशिव झालं. नावावर जोडणी करूच नका, कोडवर करा. २०११च्या जनगणनेत सोलापूरचा जिल्हा कोड ५२६ आहे, लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी या केंद्र सरकारच्या कोडसूचीतला वेगळा. कोणता वापरला ते स्तंभाच्या नावातच येऊ द्या.

लाभार्थ्यांच्या याद्यांतून नाव, मोबाइल, आधार काढून फक्त गावनिहाय संख्या द्या. गावात दोन-तीनच लाभार्थी असतील तर तीही नको. गावकरी लगेच ओळखतात. परवाना लिहायला विसरू नका, केंद्राचा २०१७चा सरकारी मुक्त डेटा परवाना त्यासाठीच आहे.

आणि फाइल चढली, पण शोधात सापडत नाही? डेटा पुन्हा चढवत बसू नका. सीकॅनचा शोध सोलर या वेगळ्या शोध-सॉफ्टवेअरवर चालतो; सोलर सुरू आहे का ते पाहा आणि शोधसूची नव्याने बांधायची आज्ञा द्या.