पट्टी उतरवा, मग रियाजाला बसा

गाण्यातली विशारद परीक्षा पूर्ण झाले तेव्हा मी 23 वर्षांची होते. त्यानंतर संसार, नोकरी, घरातली आजारपणं, आणि तंबोऱ्यावर 28 वर्षं गवसणी. एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा बसले. आज पाच वर्षं झाली, रियाज सुटलेला नाही. पण पहिलं वर्ष मी अक्षरशः वाया घालवलं. जे आता पन्नाशी-साठीत पुन्हा गायला बसणार आहेत, त्यांचं तरी तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

स्वरज्ञान कसं परत येतं, पलटे, म्हणजे सुरांचे सराव, कुठून धरायचे, हे तुम्हाला माहीत आहे. ते येतं, काळजी करू नका. मला तीन महिन्यांत यमन आणि भूप हे राग बऱ्यापैकी आठवले. कान काही विसरत नाहीत. गळ्याचं मात्र तसं नाही, आणि नेमकं तिथेच मी फसले.

कॉलेजात असताना मी काळी पाचमध्ये गायचे, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा माझा षड्ज, माझा ‘सा’. पुन्हा सुरुवात केली तेव्हा तंबोरा त्याच पट्टीत लावला. दुसरी पट्टी असू शकते हा विचारही मनात आला नाही. काळी पाच हीच ‘माझी’ पट्टी होती. भूपातला मध्य लयीतला ख्याल, त्याची अस्थाई, म्हणजे पहिला भाग, छान जायची. अंतऱ्यात तार षड्ज, वरचा ‘सा’, कसाबसा लागायचा, आणि तार गंधाराला, वरच्या ‘ग’ला, गेलं की घशात कोरडी खाज सुटून खोकला यायचा. पाणी प्यायचं, पुन्हा तीच जागा. मला वाटायचं, रियाज कमी पडतोय. म्हणून वेळ वाढवला. 40 मिनिटांचे दीड तास केले. सातव्या महिन्यात आवाज बसला तो उठेचना. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं: स्वरतंतूंना सूज. काही आठवडे गाणं पूर्ण बंद.

त्या बंदीत मी रडले, हे लपवत नाही. वाटलं, संपलं.

मग बरं वाटू लागल्यावर एक दिवस कपड्यांना इस्त्री करताना मी नकळत गुणगुणत होते. खोकला नाही, ताण नाही. इस्त्री बाजूला ठेवून पेटीवर सूर शोधला. माझा षड्ज पांढरी पाचवर होता. काळी पाच आणि पांढरी पाच ही नावं ऐकायला जवळची वाटतात, पण मध्ये पांढरी सहा आणि काळी चार आहेत. म्हणजे मी तीन पट्ट्या वर गळा ताणत होते, रोज, दीड तास!

हे नीट समजून घ्या, म्हणून सविस्तर सांगते. बायकांचा आवाज पाळी जाण्याच्या सुमारास आणि नंतर बहुधा खाली येतो, कारण संप्रेरकं बदलतात आणि स्वरतंतू जाड होतात. पुरुषांचं पुष्कळदा उलट होतं, उतारवयात आवाज पातळ होऊन वर सरकतो. यात रियाजाचा दोष नाही, तुमचाही नाही. तरुणपणची पट्टी त्या गळ्याची होती. आजच्या गळ्याची नव्यानेच शोधावी लागते.

शोधायची कशी? गळा गरम झाल्यावर, संध्याकाळी पाहा, कारण सकाळी आवाज मुळातच खाली असतो आणि फसवतो. मंद्र पंचम, म्हणजे खालचा ‘प’, स्पष्ट बोलला पाहिजे, तार गंधार मान न ताणता लागला पाहिजे. असं तीन-चार दिवस करून मगच ठरवा. आणि पट्टी उतरवली की तंबोऱ्याच्या जुन्या तारा ढिल्या पडतात, जवारी, म्हणजे तारांचा झणकार, मरते. जाड तारा चढवून घ्या. तबलासाथ घेत असाल तर मोठ्या तोंडाचा दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, लागेल, तेही साथीदाराला आधीच सांगा. आयत्या वेळी तो बिचारा काय करणार?

मूळ पट्टीतल्या कराओके ट्रॅकवर रियाज करू नका. माझं हे मत लोकांना आवडत नाही, पण तो दुसऱ्याच्या गळ्याचा अंगरखा आहे आणि तुम्ही त्यात शिरायला बघता. झटपट गाणं शिकवणाऱ्या कोर्सबद्दलही तेच. गुरू वयाने लहान असला तरी चालेल. माझे माझ्याहून 14 वर्षांनी लहान आहेत. पण प्रत्येक तानेला ‘वा’ म्हणणारा नको. या वयात आपल्याला सगळेच ‘वा’ म्हणतात. चूक दाखवणारा एक माणूस धरून ठेवा.

धीर हवा असेल तर किराणा घराण्याच्या गायिका गंगूबाई हनगल ऐका. 1930च्या दशकातल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांतला बारीक आवाज आणि नंतरचा तो भरदार, जवळजवळ पुरुषी आवाज. घशाच्या त्रासानंतर आवाज कायमचा बदलला आणि पुढची कित्येक दशकं त्या त्याच आवाजात गायल्या. मी या दोन्ही काळांतली ध्वनिमुद्रणं एका रात्री लागोपाठ ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी तारा बदलून घेतल्या.

ध्येयाबद्दल थोडंच सांगते. ‘पूर्वीसारखं गायचं’ हे मी वहीतून खोडलं. त्याऐवजी लिहिलं: वर्षभर एकच राग, यमन, रोज 45 मिनिटं, त्यातली पहिली 15 खर्जाची, म्हणजे खालच्या सुरांची, वर्षअखेर विलंबित ख्याल 20 मिनिटं, दम न तुटता. पाहुणे आले, लग्नकार्य आलं तरी 15 मिनिटं खर्ज चुकवायचा नाही. ते वर्ष 14 महिन्यांचं झालं. होऊ द्या. मात्र आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला तर काढे-गुळण्यांवर दिवस घालवू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. मी दोन महिने घालवले होते.

आता पांढरी पाचमध्ये माझा मंद्र पंचम असा घुमतो की तंबोऱ्याची पंचमाची तार आणि गळा वेगळे काढता येत नाहीत. तेविसाव्या वर्षी ही जागा माझ्याकडे नव्हती. काल खर्ज लावताना शेजारच्या खोलीतून मुलगी उठून आली आणि दारात टेकून उभी राहिली. मी डोळे उघडले नाहीत. पंचम संपायचा होता.