‘हॅपिली’ म्हणजे दर वेळी ‘आनंदाने’ नव्हे

दर रविवारी माझी भाची वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येते. जुन्या इंग्रजी कथा-कादंबऱ्या मराठीत उतरवायचा सराव करतो आम्ही. परवा तिला साधंसं वाक्य दिलं, ‘हॅपिली, द रेन हॅड स्टॉप्ड.’ तिनं लिहिलं, ‘आनंदाने पाऊस थांबला.’ म्हटलं, मोठ्यानं वाच. वाचता वाचता ती स्वतःच अडली. “मावशी, पाऊस कसला आनंदी होतोय!”

हेच विचारायची सवय लावून घ्या. हा आनंद कुणाचा? वाक्यातल्या कर्त्याचा, की गोष्ट सांगणाऱ्याचा? कर्ता पाऊस, पत्र, घोडागाडी असा असेल तर ‘सुदैवाने’ किंवा ‘बरं झालं’ घालून पाहा, वाक्य लगेच मराठीत येतं. कर्ता माणूस असेल तर शब्दाची जागा बघा. ‘हॅपिली, ही डिड नॉट डाय’ म्हणजे सुदैवाने तो वाचला. ‘ही डिड नॉट डाय हॅपिली’ म्हणजे तो गेला, आणि जाताना सुखी नव्हता. शब्द तेच, पण एकात माणूस जिवंत आहे!

याचं मूळ ‘हॅप’ या जुन्या शब्दात आहे. हॅप म्हणजे योग, नशीब. हॅपन, परहॅप्स, मिसहॅप ही सगळी त्याचीच भावंडं. नशिबाचा अर्थ आधीचा, आनंदाचा नंतर आला. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये तर ‘हॅपिली’चा अर्थ चक्क ‘कदाचित’ असा लागतो. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (1813) मिस्टर बेनेट कॉलिन्सला म्हणतात, ‘इट इज हॅपी फॉर यू’, तुमच्याकडे नाजूकपणे खुशामत करायची कला आहे. इथे ‘हॅपी’ विशेषण आहे, पण कसोटी तीच. ‘तुम्ही आनंदी आहात’ असं केलंत तर त्यातला चिमटा गेला; ‘तुमचं नशीबच म्हणायचं’ असं हवं. त्याच कादंबरीत शार्लट ल्यूकस म्हणते, लग्नातलं सुख (‘हॅपिनेस’) ही सर्वस्वी योगायोगाची गोष्ट आहे. ‘हॅप’ ठाऊक असला की हे वाक्य दुप्पट गोड लागतं.

अर्थ ठरला की मराठी शब्द निवडायचा. सगळीकडे ‘आनंदाने’ ठोकून दिलं की भाषांतराला शाळेच्या निबंधाचा वास येतो. नांदतात ते सुखाने, देतात ते खुशीने, हिंडतात ते मजेत, कष्ट सोसतात ते हसतमुखाने. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी ‘गेली’ (gaily) आलं तर ‘गे’ शब्दाचा आजचा अर्थ बाजूला ठेवा. तिथे निव्वळ उल्हास आहे. आणि पुष्कळदा क्रियाविशेषण गाळून क्रियापदच बदललेलं मला जास्त आवडतं. ‘शी रॅन हॅपिली’ला ‘बागडत गेली’ पुरे.

सगळ्यांत अवघड ठिकाण म्हणजे लुइस कॅरलच्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’मधली (1865) मगरीची कविता. ‘हाउ चीअरफुली ही सीम्स टु ग्रिन’, आणि पुढे त्याच हसऱ्या जबड्यात छोट्या माश्यांचं स्वागत. भाचीनं पहिल्यांदा लिहिलं, ‘मगर किती आनंदाने हसते.’ आम्ही वडोदऱ्याची माणसं, विश्वामित्री नदीतल्या मगरी पाहतच वाढलो. तिला म्हटलं, काठावर ऊन खात, जबडा वासून पडलेली मगर आठव. अंगातली उष्णता कमी करायला ती तोंड उघडं ठेवते. हसू पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे. म्हणून कवीनं ‘सीम्स’ घातलंय, त्यावर बोट ठेव.

तिनं तो कागद बाजूला सारला, पेन्सिल चावत बराच वेळ बसली, मग खाली नवी ओळ लिहिली: ‘हसतेच जणू ही खुशीत, वाटे पाहणाऱ्याला.’

मी ‘पाहणाऱ्याला’ खोडून ‘माशाला’ केलं. तिनं ते परत खोडलं. मासा काठावर नसतो म्हणाली. तिचंच ठेवलं.