घटनादुरुस्ती कोर्टात टिकेल का, हे घरबसल्या कसं बघायचं

परवा खडेबाजारात चहाच्या गाड्यावर परत तोच वाद, एक काका म्हणाले "दिल्लीनं एक घटनादुरुस्ती केली की सीमाप्रश्न संपला बघा", तर दुसरे म्हणाले "कोर्ट उडवतंय ओ ती". दोघंही चुकले, म्हणून लिहितोय.

पहिलं, ती घटनादुरुस्ती आहे का तरी बघा. राज्याची हद्द बदलायला कलम ३ खालचा साधा कायदा पुरतो आणि तो कलम ३६८ खालची, म्हणजे खरी घटनादुरुस्ती मानायचा नाही असं कलम ४ मध्येच लिहिलंय, म्हणजे कर्नाटकातलं बेळगाव-निपाणी-खानापूर महाराष्ट्राला द्यायला संसदेत साधं बहुमत बास, अडलंय ते राजकारणात.

खरीच दुरुस्ती असेल तर मतं मोजा. दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश, शिवाय एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त. काही कलमांना निम्म्या राज्यांची मंजुरी पण लागते.

आता मेन गोष्ट, मूलभूत चौकट, म्हणजे घटनेचा गाभा. २४ एप्रिल १९७३, केशवानंद भारती केस, १३ जज, ७ विरुद्ध ६. संसद कुठलंही कलम बदलू शकते पण चौकट मोडू शकत नाही. केस घालणारे केशवानंद भारती हे कासरगोडच्या एडनीर मठाचे स्वामी, म्हणजे तो पण सीमेवरचाच जिल्हा, तिथं कन्नड लोक केरळात अडकलेत, आपल्याकडचं उलटं चित्र!

चौकटीत काय काय येतं याची यादी घटनेत शोधू नका, नाहीच ती. मी दुरुस्तीचा मसुदा उघडून आधी "कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही" असल्या ओळी शोधतो. पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाबाहेर नेणारी ३९ वी दुरुस्ती १९७५ ला तिथंच अडकली, आणि ४२ वी तर म्हणत होती की आमच्या दुरुस्तीला मर्यादाच नाही, तो भाग १९८० ला बेंगळुरूच्या मिनर्वा मिल्सच्या केसमध्ये रद्द झाला. उलट ४४ व्या दुरुस्तीनं मालमत्तेचा मूलभूत हक्कच काढला, तरी ती टिकली. म्हणजे हक्क गेला म्हणून दुरुस्ती पडतेच असं नाही.

शेवटी नववी अनुसूची तपासा, म्हणजे कोर्टातल्या आव्हानापासून वाचवायचे कायदे टाकायची घटनेतली यादी. त्यात टाकला की कायदा सेफ, असं अजून बरेच वकील पण सांगतात, पण २००७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून २४ एप्रिल १९७३ नंतर घातलेला कायदाही चौकटीवर तपासला जातो. केशवानंदांच्या जमिनीवर आलेले केरळचे कायदे त्याच्या आधीच, १९७२ ला अनुसूचीत गेले होते, आणि ती २९ वी दुरुस्ती त्याच निकालात वैध ठरली.