औषध सोसत नसेल तर: बंद करण्याआधी करायच्या गोष्टी

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, शौचातून रक्त जातं. याच कुळातला दुसरा आजार क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. दोन्हींत औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात आणि बहुतेक औषधांचा कुणाला ना कुणाला त्रास होतोच. नव्यानं निदान झालेली माणसं मला हमखास विचारतात, ‘हा त्रास सोसायचा का? याला दुसरं काही नाही का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्याआधी एक काम असतं: त्रास औषधाचा, आजाराचा की तिसऱ्याच कशाचा, ते शोधून काढायचं.

त्यासाठी एक साधी वही करा. माझ्या वहीत रोज एक ओळ असते: शौचाला किती वेळा, रात्री उठावं लागलं का, रक्त दिसलं का, ताप, गोळी किती वाजता घेतली आणि शेवटी इतर काही. ज्या दिवशी औषध सुरू होतं, बंद होतं किंवा डोस बदलतो, त्या दिवशी पानावर आडवी लाल रेघ. खरी कामाची ती रेघच. माझा अझाथायोप्रिनचा (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) डोस वाढला तेव्हा रेघेखालच्या जवळपास प्रत्येक ओळीत मळमळ लिहिलेली होती, तीही गोळीनंतर तासा-दोन तासांनी. शौचाचे आकडे मात्र जसेच्या तसे. ते पान बघून डॉक्टरांनी गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली. मळमळ झोपेतच निघून जायला लागली आणि चांगलं लागू पडलेलं औषध सोडावं लागलं नाही.

मेसालामाइन म्हणजे आतड्याच्या अस्तराची सूज उतरवणारं औषध. त्याच्या बाबतीत ही रेघ आणखी महत्त्वाची. बहुतेकांना ते छान सोसतं. डोकेदुखी, थोडी मळमळ, फार तर एवढंच. पण थोड्या लोकांना औषधच उलटतं. सुरू केल्यापासून काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत जुलाब वाढतात, रक्त वाढतं, कधी ताप येतो. दिसायला हुबेहूब आजार उसळल्यासारखं, त्यामुळे डोस वाढवण्याकडे कल जातो. तारीख हाताशी असेल तर ‘गोळी सुरू झाल्यावर हे वाढलंय’ असं ठामपणे सांगता येतं. क्वचित हे औषध मूत्रपिंडालाही त्रास देतं आणि तो बाहेरून कळत नाही. म्हणून अधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासून घ्यायचंच.

स्टेरॉइडबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण लोक सर्वांत जास्त वैतागतात ते यालाच. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनं झोप उडते, भूक खवळते, चेहरा सुजतो, चिडचिड होते, साखर वाढते, हाडं झिजतात. पूर्ण डोस सकाळीच, खाऊन झाल्यावर घेतला की झोपेचा प्रश्न बराच हलका होतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू करायचं का, ते पहिल्याच भेटीत विचारा. घरच्यांनाही सांगून ठेवा की या दिवसांतला राग गोळीचा असू शकतो. आमच्या घरात याचा फार उपयोग झाला. आणि काही आठवडे घेतलेलं स्टेरॉइड एकदम कधीही थांबवू नका. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल (नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं मंदावलेलं असतं. अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळू शकतो. डोस पायरीपायरीनंच उतरवायचा. मात्र स्टेरॉइड हे भडका शमवण्याचं औषध आहे, कायम घेण्याचं नाही. कमी करायला गेलं की दर वेळी आजार डोकं वर काढत असेल, तर पुढच्या औषधाचा विषय तुम्ही स्वतःहून काढा.

काही त्रासांसाठी वही उघडत बसायचं नाही, लगेच फोन करायचा. अझाथायोप्रिन चालू असताना ताप आणि घसादुखी असेल तर पांढऱ्या पेशी घटल्या असण्याची शक्यता असते. तेच औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पोटाच्या वरच्या भागात पाठीपर्यंत जाणारी जोराची कळ आली तर स्वादुपिंडाची सूज असू शकते. डोळे पिवळे होणं, टोफासिटिनिब ही प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी गोळी घेताना अंगाच्या एकाच बाजूला दुखरे फोड येणं, एक पाय सुजणं किंवा अचानक दम लागणं, हेही त्यातच. आणि दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप किंवा नाडी नव्वदच्या वर असेल तर थेट रुग्णालय गाठायचं.

आता पर्याय. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर जडीबुटी येते, पण पहिले पर्याय वैद्यकातच असतात. सूज गुदाशयात किंवा डाव्या बाजूला असेल तर मेसालामाइनचा एनिमा किंवा सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची गोळी) थेट जागेवर काम करते. लाजेपोटी लोक ती टाळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रेडनिसोलोनऐवजी कधी ब्युडेसोनाइड हे दुसरं स्टेरॉइड चालतं, त्याचा बाकीच्या शरीरावर परिणाम कमी होतो. अझाथायोप्रिन सुरू करण्याआधी टीपीएमटी आणि एनयूडीटी १५ या तपासण्या (शरीर हे औषध कसं पचवतं ते त्यातून कळतं) केल्या तर पांढऱ्या पेशी घसरण्याचा धोका कुणाला जास्त, ते आधीच कळतं. मग टोचून घ्यायची बायोलॉजिक औषधं. त्यांतलं व्हेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्यावरच काम करतं. इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबच्या आधी क्षयरोग आणि हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच. मूल हवं असेल तर तेही आधी सांगा: याच आजारांत दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, आणि सल्फासालाझिन या औषधानं पुरुषांत शुक्राणू कमी होतात, औषध बदललं की ते पूर्ववत होतात.

औषधाबाहेरच्या उपायांत सगळंच फोल नाही. क्रोन्समध्ये, विशेषतः मुलांत, सहा ते आठ आठवडे फक्त पोषणद्रवावर ठेवण्याचा उपचार स्टेरॉइडच्या तोडीचा मानला जातो, पण तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचा. सौम्य ते मध्यम कोलायटिसमध्ये मेसालामाइनच्या जोडीनं दिलेल्या कर्क्युमिनचा (हळदीतला घटक) फायदा २०१५च्या एका चाचणीत दिसला. डोस दिवसाला तीन ग्रॅम होता, आणि तो मेसालामाइनच्या जागी नव्हे, जोडीला दिला होता. कर्क्युमिननं क्वचित यकृताला इजा होते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत ते जपूनच घ्यावं लागतं. ई. कोलाय निसले हा प्रोबायोटिक (पोटाला उपकारक जिवाणू) कोलायटिस शांत ठेवायला मदत करतो. क्रोन्समध्ये प्रोबायोटिकचा भरवसा वाटावा असं काही हाती लागलेलं नाही. चिंग दाई नावाची निळी वनस्पतीपूड कोलायटिसवर गुणकारी ठरते, पण तिच्यामुळे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढल्याचे रुग्ण आढळलेत. वनस्पतीपासून बनलंय म्हणून निर्धोक, असं समजू नका. घटक न लिहिलेली पूड तर घेऊच नका. अशा पुडींत स्टेरॉइड किंवा जड धातू सापडल्याची उदाहरणं आहेत. क्रोन्स असेल तर सिगारेट सोडणं हा मोठा उपचारच आहे. आणि अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळा, त्यानं आजार उसळू शकतो. पॅरासिटामॉल चालतं का, ते विचारून घ्या.

यातलं काही करून बघायचं ठरवलंत तर त्यालाही औषधाचाच नियम लावा. एका वेळी एकच बदल, पानावर लाल रेघ, आणि चालू औषध तसंच ठेवून. सुरुवातीला शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी (आतड्यातली सूज मोजणारी), दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तीच. बरं वाटणं आणि सूज उतरणं यांत बरंच अंतर असू शकतं; जुलाब थांबले तरी आत सूज धुमसत राहते. कॅल्प्रोटेक्टिनचा आकडा २५०च्या (मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम) वर असेल तर ती चालू असण्याची शक्यता जास्त, मग पूड कितीही मानवली तरी ती पुरी पडलेली नाही.

डॉक्टरांच्या भेटीला जाताना अशा पुडीची किंवा पूरक गोळ्यांची बाटली पिशवीत टाका, कारण लेबल वाचून डॉक्टर दोन मिनिटांत सांगू शकतात की ते तुमच्या गोळ्यांच्या आड येईल का. आणि उठण्याआधी विचारा: पुढची रक्ततपासणी कधी, आणि मधेच काय दिसलं तर त्या तारखेची वाट बघत थांबायचं नाही.