विद्यापीठाच्या क्लाइंबिंग वॉलवर या चुका टाळा

दर सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या विद्यापीठाच्या क्रीडा केंद्रात क्लाइंबिंग वॉलपाशी नव्या मुलामुलींची रीघ लागते. ते बघून मला मनापासून आनंद होतो. मात्र बारा वर्षं या भिंतीखाली उभं राहून बिलेच्या, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळण्याच्या, चाचण्या घेतल्यावर सांगते, चुका दरवर्षी त्याच होतात. चेहरे नवे असतात, गाठ मात्र त्याच जागी अर्धी राहिलेली असते.

गाठ बांधताना बोलणं

माझा सगळ्यात जास्त जीव या चुकीपायी जातो, म्हणून आधी हीच.

टॉप रोपवर, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरून खाली आलेल्या दोरावर, चढताना दोर हार्नेसला (कमर-मांड्यांच्या पट्ट्याला) बांधायचा तो फिगर-एटने, आठच्या आकाराच्या गाठीने. आधी दोरात एक आठ पाडायचा, मग दोराचं टोक हार्नेसच्या पुढच्या दोन्ही लूपमधून ओवायचं आणि त्याच आठच्या वाटेने मागे फिरवत आणायचं. गाठ पूर्ण झाली की दोराच्या पाच जोड्या शेजारी शेजारी दिसतात आणि निदान वीतभर शेपूट उरतं. शिकायला दहा मिनिटं पुरतात. घोटाळा होतो तो टोक ओवल्यावर आणि मागे फिरवण्याआधी. तेव्हा दोर हार्नेसमधून गेलेला असतो, समोर आठ दिसत असतो, आणि लांबून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी वाटतं.

तीन वर्षांपूर्वी स्पर्धेच्या एका संध्याकाळी नेमकं हेच झालं. मुलगी चांगली चढणारी, चाचणी पास होऊन दोन महिने झालेली. टोक ओवलं आणि मागून मैत्रिणीने हाक मारली, अमुक रूटचे गुण किती म्हणून. हिने वळून उत्तर दिलं, हाताला चॉक लावला आणि चढायला लागली. बिले देणारी गुणफलकाकडे बघत होती. मी शेजारच्या लेनमध्ये होते. माझं लक्ष गेलं तेव्हा ती चार मीटर वर होती आणि दोराचं टोक तिच्या गुडघ्यापाशी मोकळं लोंबत होतं.

मी ओरडले नाही. दचकलेल्या माणसाचा हात सुटतो. "त्या मोठ्या होल्डला दोन्ही हातांनी धर आणि तिथेच थांब, मी वर येतेय," एवढंच म्हणाले. शेजारच्या ऑटो बिलेला, म्हणजे जोडीदाराशिवाय पट्ट्याने आपोआप धरणाऱ्या यंत्राला, स्वतःला अडकवून वर गेले. बाजूच्या दुसऱ्या दोरावर एका सहकाऱ्याने बिले धरला होता. त्याच्या टोकाचा लॉकवाला कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) तिच्या हार्नेसच्या बिले लूपमध्ये अडकवला, लॉक फिरवून पक्का केला आणि मग तिला सांगितलं की तुझी गाठ बांधलेलीच नाही. तिच्या पायाची थरथर मला भिंतीच्या पत्र्यातून जाणवत होती. खाली आल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. रडली ती बिले देणारी.

हे नवशिक्यांपुरतं आहे असं समजू नका. लिन हिल ही जगातल्या सर्वोत्तम चढणाऱ्यांपैकी एक. 1989 मध्ये फ्रान्समधल्या ब्यू इथे तिने एका सोप्या रूटसाठी गाठ बांधायला घेतली, मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं आणि गाठ अर्धीच राहिली. वर पोचून तिने दोरावर भार टाकला आणि 20 मीटरहून जास्त उंचीवरून ती खाली आली. एका झाडाच्या फांद्यांनी तिला वाचवलं. चारच वर्षांनी, 1993 मध्ये, अमेरिकेतल्या एल कॅपिटान या कड्यावरचा 'द नोझ' हा रूट तिने जगात पहिल्यांदा फ्री क्लाइंब केला, म्हणजे दोर फक्त पडलं तर धरायला ठेवून नुसत्या हातापायांनी चढली. एवढ्या तयारीच्या बाईची गाठ राहू शकते, तर दोन महिन्यांच्या सवयीवर मी कसा भरवसा ठेवू?

माझी सवय सांगते. दोराचं टोक हातात घेतलं की तोंड बंद. कुणी हाक मारली तर मान वर न करता "गाठ" एवढंच म्हणायचं, आमच्याकडे सगळ्यांना ते कळतं. तरीही कुणी मध्ये थांबवलंच तर पुढे चालू ठेवायचं नाही, सगळी सोडून पहिल्यापासून बांधायची. मग एकमेकांची तपासणी, तीही हाताने. बिलेअरने गाठ बोटांनी चाचपून जोड्या मोजायच्या, चढणाऱ्याने बिलेअरचा कॅरॅबिनर दाबून लॉक बघायचा, दोघांनीही बकल ओढून बघायचे. लांबून अंगठा दाखवला म्हणजे तपासणी झाली, हे मला मान्य नाही.

ऑटो बिलेला न अडकवता चढणं

आजार तोच, फक्त इथे तपासायला जोडीदारही नसतो. चार वेळा चढून झालं, पाणी प्यायलं, डोक्यात पुढची मूव्ह घोळत असते आणि माणूस नुसताच वर निघतो. खाली लावलेला त्रिकोणी कापडी पडदा त्यासाठीच असतो, तो बाजूला ढकलून चढणाऱ्यांना मी त्या दिवशी परत चढू देत नाही. मी स्वतः पहिल्या दोन होल्डवर गेले की हात सोडून पट्ट्यावर बसून बघते. रोज, दर वेळी.

ब्रेकचा हात सोडणं

"ग्रीग्री आहे ना, आपोआप धरतं." हे वाक्य चाचणीत ऐकलं की मी तिथेच नापास करते. ग्रीग्री हे बिलेचं उपकरण दोर अडकायला मदत करतं, पण ब्रेकचा, म्हणजे उपकरणातून बाहेर निघणारा, दोर हातात हवाच, हे बनवणाऱ्यांनीच सूचनापत्रात लिहिलेलं असतं. व्हिडिओ बघून थेट चाचणीला येणाऱ्यांत ही खोड जास्त दिसते, कारण व्हिडिओत कुणी त्यांचा हात धरून खाली आणत नाही.

चॅलेंजचे आकडे पहिल्या आठवड्यातच गाठायला निघणं

आमच्या सत्रभराच्या चॅलेंजमध्ये एव्हरेस्टची उंची भरायची असते, 8,849 मीटर. भिंत 12 मीटरची, म्हणजे 738 चढाया. पंधरा आठवड्यांत आठवड्याला साधारण 49, चौघांच्या गटात माणशी बारा-तेरा. आठवड्यातून दोन दिवस आलं तरी आरामात होतं. हा हिशोब मी फलकावर लिहून ठेवते. तरीही पहिल्याच शनिवारी एकट्याने चाळीस चढाया करणारा कुणीतरी असतोच.

दोन वर्षांपूर्वीचा असाच एक मुलगा, अंगाने दणकट, व्यायामशाळेत रोज जाणारा. तिसऱ्याच आठवड्यात चिमूटभर कडांचे अवघड रूट करायला लागला, कारण त्यांना गुण जास्त होते. बोटांची पेरं पूर्ण दुमडून कडेला लटकायचा. मी दोनदा टोकलं. एका संध्याकाळी त्याच्या अनामिकेतून 'टक्' असा आवाज आला, तो मला खालीसुद्धा ऐकू आला. स्नायुबंधाला हाडाशी धरून ठेवणारी बोटाच्या मुळाजवळची पुली फाटली होती. तीन महिने चढणं बंद, परीक्षेत पेन धरायला त्रास, तो वेगळाच.

दंड महिन्या-दोन महिन्यांत तयार होतात, बोटांतले बंध त्याहून कितीतरी सावकाश. म्हणूनच तब्येतीने मजबूत मुलांची मला जास्त काळजी वाटते: त्यांच्या बोटांना न पेलणारा भार त्यांचे हात सहज उचलतात. पहिलं सत्र मोठ्या होल्डवर काढा, पायांवर चढा, कडा अर्ध्या उघड्या बोटांनी धरा.

कॅम्पस बोर्डाचंही तेच. पाय न लावता फळ्यांवर हातांनी उड्या मारायचा हा प्रकार वोल्फगांग ग्युलिखने 1988 मध्ये न्युरेनबर्गच्या एका जिममध्ये सुरू केला. तेव्हा तो जगातल्या सगळ्यात ताकदवान चढणाऱ्यांत होता. नाव कॅम्पस असलं तरी ते पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी नाही.

बाकीच्या, थोडक्यात

बोल्डरिंगमध्ये, म्हणजे बुटक्या भिंतीवर दोराशिवाय चढण्यात, पडताना हात मागे टेकू नका, मनगट आणि कोपर तिथेच मोडतं. दोन्ही पायांवर या, गुडघे वाकवा, हात छातीशी घेऊन पाठीवर लोळा. आणि उतरता येत असेल तर उडी मारूच नका, होल्ड धरून खाली या.

कुणी वर असताना मॅटवर बसून मोबाइल बघणं: उठवते, नाव विचारत नाही.

अंगठ्या काढा. नखं कापा.

बूट घट्ट हवेत, पण पहिल्या जोडीत बोटं दुमडून डोळ्यात पाणी येईल इतके नकोत.

लीड चढताना, म्हणजे दोर खालून सोबत नेत वाटेत अडकवत जाताना, तो पायामागे जाऊ देऊ नका, पडलात तर उलटे व्हाल. क्विकड्रॉमध्ये (भिंतीवर दोर अडकवायच्या जोडकडीत) दोर भिंतीकडून येऊन तुमच्याकडे बाहेर निघाला पाहिजे, उलटा अडकवला तर पडताना आपोआप सुटू शकतो.

चाचणीत नापास झालात तर त्याच दिवशी पुन्हा मागू नका, मी घेणार नाही. दोन दिवसांनी या. मधल्या वेळात टेबलाच्या पायाला दोर बांधून ती गाठ पन्नासदा बांधा, आणि सोडा.